पार्वताला पाणी देणारी

आत्या, तुझ्या तेरवीला अख्खा खदानपारा जेवला. ज्यांनी तुझ्या घरचा चहा सोडला होता ते मांडी घालून बसले, वडे पुन्हा मागून घेतले, कढीत मीठ कमी आहे म्हणाले. मंदिर समितीचे अध्यक्ष भास्करराव पंगतीतून हात जोडून फिरत होते, घरचंच कार्य असल्यासारखे. पहिली पंगत उठली तशी ते तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या खदानपाऱ्याचा चालताबोलता इतिहास गेला." बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मला हसू आलं. मी ते आवरलं. तू आवरलं नसतंस.

हा इतिहास चालत-बोलत होता तेव्हा त्याच्या टिनाच्या छपरावर दगड पडत होते, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. रमेश, माझा भाऊ आणि तुझा लाडका भाचा, भात वाढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसऱ्या पंगतीकडे वळला.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. भिलाईतल्या सुपेल्यात, माझ्या शिवणाच्या दुकानात मी मशीनवर बसते, आणि मागच्या खाटेवरून तू आत्ता बोलशील असं वाटतं. गिऱ्हाइकासमोर बोलायचीस तू. "वंदे, गळा वाकडा कापून राहिली तू." ती बाई माझ्याकडे संशयाने पाहायची, आणि मी दातओठ खात कात्री चालवायची. तुला सुईत दोराही ओवता येत नव्हता.

तू प्रेमळ होतीस असं मी लिहिणार नाही. तूच म्हणायचीस की मेलेल्या माणसाबद्दल जो तो खोटं बोलतो. माझा संसार मोडला, मी दुर्गहून एक बॅग घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा तू दार उघडून मला खालून वर न्याहाळलंस. म्हणालीस, "आली? मले वाटलं होतं दिवाळीपर्यंत तरी टिकशील." आणि आत जाऊन तांदूळ धुवायला घेतलेस. मी ओट्यावर बसून रडले. तू भात शिजेपर्यंत बाहेर आली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सुपेल्याला आलीस, त्या म्हाताऱ्या टेलर मास्तरच्या दुकानात. तो म्हणाला, मी बायकांना शिकवत नाही. तू त्याच्या बाकावर बसलीस आणि उठलीच नाहीस. दुपारी त्याने आपला डबा उघडला तर त्यातल्या भाजीलाही नावं ठेवलीस. संध्याकाळी तो मला म्हणाला, "बेटी, कल से आ जाना, पर इनको मत लाना." माझं आजचं सगळं त्या संध्याकाळपासूनचं आहे.

तुझी सगळी माया ही अशीच होती, आधी ओरबाडणारी. आणि त्याहून जास्त ओरबाडणारी होती तुझी गोष्ट. लहानपणी दुपारी माझ्या डोक्याला तेल चोळता चोळता तू ती सांगायचीस. तुझा उजवा तळहात खरबरीत होता, मधोमध आडवा, चकचकीत वळ. तो केसांत अडकायचा. मी "आत्या, दुखून राहिलं" म्हणायची, आणि तू म्हणायचीस, "मलेबी दुखलं होतं. आईक."

आपली माणसं साकोलीकडची. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्याला चुनखडी लागत होती, आणि ती नंदिनी गावच्या जमिनीत होती. ठेकेदाराचा माणूस भंडाऱ्याच्या गावागावांतून ट्रक भरून माणसं घेऊन आला. आजी-आजोबा, माझे बाबा आणि तू, सगळे त्या ट्रकमध्ये. बाबा तुझ्याहून थोडे मोठे. शेती करणारे आपण आणि आपल्याच गावचे बौद्ध, एकाच ट्रकातून उतरलो आणि उतरल्या उतरल्या नाल्याच्या दोन बाजू वाटून घेतल्या. एवढं आपल्याला कोणी शिकवायची गरज पडली नाही, असं तू म्हणायचीस. पुरुष दगड फोडायचे, बायका टोपल्यांनी वाहायच्या. भुकटी पापण्यांवर बसायची, आणि दिवस मावळताना सगळेच म्हातारे दिसायचे, लहान पोरंसुद्धा. त्या झोपड्यांच्या रांगेला पुढे खदानपारा, खदानीची वस्ती, हे नाव पडलं.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात हगवण-ओकाऱ्यांची साथ आली. सगळ्यात आधी लहानू गेला. लहानूची बायको पार्वता. तरणीताठी, तोंड भरून हसणारी, ठेकेदाराच्या मुकादमाला उलट बोलणारी. ती नवऱ्यासाठी मोठ्याने रडली नाही. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन कामावर गेली, कारण कामावर न जाणाऱ्याला झोपडी सोडावी लागायची. मग पोरं मरायला लागली. सगळे खदानीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पीत होते, हे आज कोणालाही कळेल. तेव्हा मात्र खड्ड्याकडे कोणी पाहिलं नाही. पार्वताला साधा तापही आला नव्हता, तेवढं पुरलं.

तो शब्द पहिल्यांदा माझ्या आजीच्या तोंडून निघाला. टोनही. चेटकीण. आजीने इथे येऊन शिकलेला हा पहिला छत्तीसगढी शब्द, असं तू म्हणायचीस, आणि म्हणताना हसायचीस. त्या हसण्याची मला भीती वाटायची.

त्यांनी पार्वताला झोपडीतून ओढून काढलं. भास्कररावांच्या आजोबांनी विळ्याने तिचे केस कापले. झोपडी पेटवली. तिला खदानीच्या मलब्यापलीकडे, एका मोहाच्या झाडाखाली नेऊन सोडलं, जमिनीवर रेघ ओढली आणि सांगितलं, ही रेघ ओलांडलीस तर दगडांनी मारू. आणि पाऱ्यात सगळ्यांना बजावलं की तिला पाणी द्यायचं नाही.

तू दगड फोडणाऱ्यांना पाणी नेऊन द्यायचीस. तुझी वाट त्या झाडाजवळून जायची. "तिनं मले हाक मारली," तू सांगायचीस. "कौसे, एक ओंजळ दे वो. म्या घडा वाकवला. ती प्याली. आन् ओल्या हातानं तिनं माह्या गालाले हात लावला. किती गार होता तो हात, वंदे."

कोणीतरी पाहिलं. संध्याकाळी आजीने चुलीतला चिमटा काढला आणि तुझा उजवा हात धरला. "ह्याच हातानं दिलं ना," म्हणाली. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून पाणी दुसऱ्या वाटेने जाऊ लागलं. पार्वता मेली तेव्हा आपल्यातलं कोणी तिकडे फिरकलं नाही. नाल्यापलीकडच्या बौद्ध माणसांनी खड्डा खणून तिला माती दिली. पुढे ठेकेदाराने बोअर मारून दिली आणि साथ आटोपली. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. मग त्यांना भीती वाटायला लागली. कोणाची गाय मेली, कोणाचं पोर पोटात गेलं, की नजर त्या मोहाकडे जायची. कोणीतरी तिथे दगड मांडून शेंदूर फासला. आधी ती पार्वतामाय होती. मग पार्वतीमाता झाली. माझ्या लहानपणी ओटा होता, आता टाइल्सचं मंदिर आहे, चैत्रात जत्रा भरते, आणि तिथली कथा अशी सांगतात की मातेने वस्तीची सारी रोगराई आपल्या अंगावर घेतली आणि देह ठेवला.

बाबांना तू ही गोष्ट सांगितलेली खपत नसे. दर भाऊबीजेला तुमचं भांडण ठरलेलं. ओवाळून झालं की तू मुद्दाम उजव्या हातानेच त्यांना लाडू भरवायचीस, तळहात त्यांच्या डोळ्यांसमोर धरून.

"चुलीवर हात पडला होता तुहा," बाबा म्हणायचे. "मायले कावून बदनाम करून राहिली?"

"म्या नाही केलं. तिनं केलं, म्या सांगून राहिली."

"असं काही झालंच नाही."

"मंग पार्वता कोठं गेली?"

यावर बाबा लाडू गिळायचे आणि ताटावरून उठायचे.

आपलं भांडण वेगळं होतं, आत्या, आणि ते अर्धंच राहिलं. खरं-खोटं मी कधी काढलं नाही. मी म्हणायची, "आता उकरून कोणाले काय भेटणार हाय? मारणारे मेले, मरणारी मेली. मंदिर तर मंदिर. म्हाताऱ्या बायकांले जरा धीर येते." तू त्यावर एकदाच नीट उत्तर दिलं होतंस. तू वाटाणे सोलत होतीस, मान वर न करता बोललीस. "समदे तिच्या पाया पडतेत. नोकरी दे, पोरगा दे, जावई दे. माफ कर म्हणून कोणी म्हणत नाही. इतकी वर्षं झाली, कोणीच नाही. मले तेवढंच आयकाचं हाय."

मी म्हटलं, "तू म्हणून टाक ना."

"म्या पाणी देल्लं होतं," तू म्हणालीस. "माफी पाणी देणाऱ्यानं मांगाची नसते."

मी उरलेले वाटाणे सोलायला घेतले.

मग ती कमानीची सकाळ. मंदिराला नवी कमान झाली होती, शेजारी वस्तीचा इतिहास रंगवलेला फलक होता, मांडव होता, माइक होता. भास्कररावांनी विचार केला असेल की ट्रकातून आलेल्यांपैकी आता बाबा आणि तूच उरला आहात, बाबा माइकपुढे यायला तयार नाहीत, तर तुला दोन शब्द बोलायला लावावेत, शाल घालावी. त्यांनी तुझी ओळख हिंदीतून करून दिली, कारण पुढच्या रांगेत कारखान्याचे साहेब लोक होते. तू माइक हातात घेतलास. मी दुसऱ्या रांगेत होते आणि तुझा चेहरा पाहूनच मला कळलं. मी उठले नाही. उठून तरी काय करणार होते?

तू ओरडली नाहीस. भाजीचा भाव सांगावा तशी बोललीस. "जे लिवलं हाय तिथं, ते तसं नाही. ती गेली नाही, तिले मारलं. सगळ्यात आधी माह्या मायनं नाव घेतलं. मंग भास्करच्या आज्यानं केस कापले." एकेक करत तू सगळी नावं घेतलीस. झोपडीला काडी कोणी लावली, रेघ कोणी ओढली. "पाणी मांगून मांगून मेली ती. आता तिले नारळ देता तुमी."

माइक बंद झाला. तरी तुझे ओठ हलत होते. मग कोणीतरी मोठ्या आवाजात आरती लावली आणि सगळे उभे राहिले, आरती म्हटल्यावर उभं राहावंच लागतं.

त्यानंतर काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण एकदा कोणीतरी लिहून ठेवायला हवं. भास्कररावांच्या नातवाला कावीळ झाली. मग एकीचं बाळंतपण अडलं. मग तोच जुना शब्द पुन्हा बाहेर आला, आणि या वेळी तो तुझ्यासाठी होता. ज्या पोरांच्या आयांची बाळंतपणं तू दवाखान्यातल्या नोकरीत रात्रंदिवस केलीस, ती पोरं मोठी होऊन आपल्या पोरांना हिंदीत सांगू लागली, उस बुढ़िया के घर के सामने से मत जाना. किराणावाला तुझ्या हातात मिठाचा पुडा देईना, पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचा. दारात लिंबं येऊन पडायची. तू ती उचलून वरणात पिळायचीस. मला ते सांगताना खूष व्हायचीस, "फुकटची लिंबं," पण छपरावर दगड पडला की तू उठून दाराची कडी पुन्हा तपासायचीस, तेही मी पाहिलं आहे.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. असं कोणाला म्हणणं हा गुन्हा आहे आपल्या राज्यात, कायदा आहे.

"कोणाचं नाव देशील?" तू विचारलंस.

"सगळ्याईचं."

"रमेशचं बी?"

रमेशने दगड मारले नव्हते. त्याने फक्त यायचं बंद केलं होतं. आणि बाबांनी येऊन तुला सांगितलं होतं की मंदिरात जाऊन नाक घास, म्हणजे मिटेल. तू त्यांना म्हणालीस, "दादा, तूच घास. तुह्या मायचं पाप होतं ते." त्या दिवसापासून बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. नाल्यापलीकडची लता तेवढी रोज यायची, भाजी ठेवायची, तुझ्याशी अर्धा तास भांडायची आणि जायची. तिच्या सासऱ्याने पार्वताला माती दिली होती. ती म्हणायची, आमच्या घरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून आम्ही बोललो नाही.

बाबा गेले तेव्हा मीच ऑटो करून तुला घेऊन गेले. दारात रमेश उभा होता. त्याचे डोळे सुजले होते. तो तुझ्याकडे न पाहता मला म्हणाला, "ताई, आत लोकं हायेत. आत्याले बाहेरच बसव. आजच्या दिवस तमाशा नको."

मी बोलायला लागले तर तू माझा दंड धरलास. "राहू दे," म्हणालीस, आणि जिथे सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या तिथे उन्हात बसलीस. मी तुझ्याजवळ बसले.

"तू जाय आत. बाप हाय तुहा."

"तुहाही भाऊ हाय."

तू मान तिरकी केलीस. "त्याचे पाय दिसून राहिले इथून," म्हणालीस. खरंच, दारातून बाबांचे फक्त पाय दिसत होते, अंगठे बांधलेले. बायका आतबाहेर करत होत्या, आपल्याला वळसा घालून. तू पाहत राहिलीस.

तेव्हा मी तुला ते सांगितलं. आदल्या दिवशी बाबा तापात होते, मी त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कौसीच्या हाताले तूप लावलं का?" मी म्हटलं, काय बाबा? तर म्हणाले, "लई भाजलं वो तिले. माय पाहीन. झाकून ने."

तू तळहात उघडलास, मिटलास.

"त्यानंच लावलं होतं," म्हणालीस. "चोरून. आपल्या वाटचं तूप."

"मग सारी उमर खोटं कावून बोलला?"

"मायचा लाडका होता तो," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा तुला रागाशिवाय बोलताना ऐकलं. मग बाबांना बाहेर आणलं. तिरडी आपल्या अंगावरून गेली तेव्हा तू हात वर केलास, पण खांदेकऱ्यांनी ती उंच धरली. तुझा हात पोचला नाही.

त्यानंतर तू सुपेल्याला माझ्याकडे आलीस, कारण भांडायला तिथे भाऊ उरला नव्हता. तू माझी गिऱ्हाइकं पळवलीस, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस, समोरच्या पंक्चरवाल्याशी वैर धरलंस आणि मग त्याच्याच आजारी बायकोला पेज नेऊन दिलीस. तो काळ माझ्या घरात माणूस असल्याचा काळ होता. हे मी तुला सांगितलं नाही. तूही मला कधी बरी म्हटलं नाहीस. छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, तिथे तू नर्सला कशी सुई टोचावी ते सांगत होतीस, आणि मला म्हणालीस, "मले खदानपाऱ्यातच जाळा. त्याइच्या डोळ्यापुढं." मी विचारणार होते की आत्या, तुला भीती वाटायची का, दगड पडायचे तेव्हा, किंवा त्याही आधी, लहानपणी, घडा वाकवताना. नर्स आली. मग तुला नळी लावली, आणि मग विचारता आलं नाही.

तुला खदानपाऱ्यातच जाळलं. सगळे आले. जिवंतपणी तुझ्या सावलीला घाबरणारे लोक तुझ्या चितेपाशी अगदी निवांत उभे होते.

आणि तेरवीला, फोटोपुढचं भाषण संपवून भास्करराव माझ्याकडे आले. माझे हात हातात घेतले. "ताई, समितीनं ठरवलं हाय," म्हणाले. "मातेच्या बाजूले आत्याबाईचा लहानसा ओटा बांधू. लई सोसलं बाईनं. आपल्या वस्तीचं समदं अंगावर घेतलं. तुमी एक लुगडं द्या त्याइचं, आन् चांगला फोटो."

मी म्हटलं, "कोणी सोसायले लावलं, ते लिहाल का ओट्यावर?"

ते हसले. रागावले नाहीत. "जुनं जाऊ द्या ना ताई. आता त्या देवीजवळ हायेत."

मी मंदिराकडे गेले. काम सुरूसुद्धा झालं होतं, आत्या. तुझ्या तेरवीचं जेवण शिजत होतं तेव्हाच विटांचा चौकोन रचला होता, सिमेंट ओलं होतं. तुला परवापर्यंत टोनही म्हणत होते आणि आज माता करायला निघाले होते, आणि मधल्या वेळात कोणी एकानेही काही कबूल केलं नव्हतं.

मी पदर खोचला आणि विटा काढायला लागले. ओल्या सिमेंटमधून त्या सहज निघत होत्या. माझ्या मागून लता आली. काही विचारलं नाही, दुसऱ्या बाजूने तीही काढायला लागली. पंगतीतून उठून माणसं आली, गोल करून उभी राहिली. रमेश धावत आला. "ताई, काय करून राहिली तू? लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

"हे बरं नाही करून राहिली तू."

मी त्याच्या हातात एक वीट दिली. "धर," म्हटलं. त्याने धरली. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग ती माझ्या पायाशी ठेवून निघून गेला. बाकी कोणी मला अडवलं नाही. पुरुष असूनही, इतके असूनही, कोणी पुढे आलं नाही, आणि मला वाटलं की लाजले असतील. मग मी मान वर केली. समोर एक तरुण बाई होती, तिने आपलं बाळ पदराखाली घेतलं आणि माझी नजर त्याला लागू नये म्हणून ती पाठ करून उभी राहिली.

तेव्हा मला भीती वाटली, आत्या. मी तुला जे विचारणार होते त्याचं उत्तर मिळालं.

त्यानंतर खदानपाऱ्यातल्या बायका दुकानात येऊ लागल्या. शिवायला टाकलेली कापडं परत न्यायला. न शिवलेली, अर्धी बेतलेली, जशी असतील तशी. कोणी कारण सांगत नाही, मीही विचारत नाही. काल दुपारी भास्कररावांची सून आली. तिचं ब्लाऊजपीस काढून मी काउंटरवर ठेवलं. तिने ते उचललं नाही. रस्त्यावर ट्रकांची गर्दी होती, तिने मागे वळून दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "दीदी, पार्वतीमातेले खरंच कोणी पाणी नव्हतं देल्लं?"

मी म्हटलं, "एकीनं दिलं होतं." आणि मशीन थांबवून मी तिला पहिल्यापासून सांगितलं. ट्रक, खड्ड्यातलं पाणी, लहानू, माझ्या आजीने घेतलेलं नाव, तिच्या सासऱ्याच्या आजोबांचा विळा, तुझा हात, चिमटा. तू सांगायचीस त्याच क्रमाने, भाजीचा भाव सांगावा तसं. तिचे डोळे भरले होते.

सांगून झालं. तिने डोळे पुसले, न शिवलेलं कापड उचलून पिशवीत टाकलं आणि गेली.